पाच वाजताच्या मुंग्या

डिसेंबर लागला, जवारीची कणसं भरायला लागली, की मला लोकांचा संशय यायला लागतो. तसा तो बारा महिने येतोच. पण थंडीत जरा जास्त. दूधवाला लवकर आला तरी शंका, उशिरा आला तरी शंका. आमचे हे म्हणतात, "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." मी म्हणते, पोलिसांवर तरी माझा कुठं विश्वास आहे!

परवा संध्याकाळी मुलगी गॅलरीत शाल गुंडाळून बसलेली, फोन डोळ्यांसमोर, आणि स्वतःशीच खुदुखुदू हसत होती. एकोणीस वर्षांची पोर अशी हसायला लागली की आईनं काय समजायचं? मी चपला काढून, आवाज न करता मागं जाऊन उभी राहिले. फोनमध्ये मुलगा होता खरा, पण चित्रातला. दप्तर अडकवून शाळेत चाललेला. आणि त्याच्या मागं, जमिनीपासून हातभर वर, लांब केसांची एक पोरगी तरंगत होती. रस्त्यावरच्या कुणालाच तिचं काही नाही.

"पाय दाखव तिचे," मी म्हणाले.

मुक्ता दचकली. "आई! कधी आलीस? कुणाचे पाय?"

"त्या पोरीचे. सरळ आहेत की उलटे?"

ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग मला समजावून सांगायला लागली, की याला ॲनिमे म्हणतात, जपानी असतं, ही प्रेमाची गोष्ट आहे, थोडी भुताची, थोडी विनोदी. मी म्हटलं, बाई, मला नको शिकवू, असलं एक मी तुझ्या जन्माआधी परभणीत रोज बघितलंय. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी दूधवाल्याकडं बघते.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायच्या आधीचा तो हिवाळा. मी दहावीत. परभणीत केबल नवी नवी आलेली. स्टेशनच्या बाजूला आमची गल्ली, घरं धाब्याची, एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत सामाईक. केबलवाल्यानं कोपऱ्यावरच्या एका घरावर भली मोठी छत्री लावली आणि तिथून काळ्या वायरी धाब्या-धाब्यांवरून फिरवल्या. वारा आला की हलू नये म्हणून वर विटा ठेवल्या. आभाळातून जे पडंल ते मी देतो, असं तो म्हणायचा. पडायचं खूप काय काय. त्यात एक चॅनेल असं होतं, की त्यातलं अक्षर कळायचं नाही. माणसं चिनी बोलतात एवढं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलं, तेही अंदाजानं. सगळी गल्ली ते चॅनेल आलं की बटण फिरवायची.

मी मात्र एकदा शाळेतून आले, पाच वाजले होते, बटण फिरवताना हात थांबला. एक गोल डोक्याचा पोरगा परसातल्या झाडाखाली अभ्यास करत होता. झाडाला टोमॅटो लागलेले. आता टोमॅटोला कधी झाड असतं का? तिथंच मला पहिली शंका आली. आणि तेवढ्यात त्या झाडाच्या खोडातून एक मुलगी बाहेर आली, पोराच्या वहीत डोकावली, त्याचं गणित चुकलंय असं बोटानं दाखवलं आणि त्याच्या ताटलीतलं खाणं उचलून पळाली.

मी दुसऱ्या दिवशी प्रतिभाला बोलावून आणलं.

प्रतिभा खंदारे. शेजारच्याच घरातली, चौथीपासून एका बाकावरची. तिचे वडील आणि माझे दादा एकाच ऑफिसात कारकून, रोज सोबत चालत जायचे, सोबत यायचे. खंदारेंकडं टीव्ही होता, पण जुना, काळा-पांढरा, आणि केबल नव्हती. आमचा कलर. म्हणून पाच वाजता ती आमच्याकडं. पायरीवर चप्पल वाजली की मी टीव्ही लावायची.

काय मजा होती त्या अर्ध्या तासात, आता सांगून पटणार नाही. आम्ही पोराचं नाव गुंड्या ठेवलं. झाडातल्या मुलीचं छत्रीवाली, कारण ती लाजली किंवा चिडली की आसपासच्या सगळ्या छत्र्या आपोआप उघडायच्या. वर्गात, दुकानात, बसमध्ये. एकदा तर हेडमास्तरांच्या काखेतली छत्री उघडली आणि ते जिन्यात अडकले. गुंड्याच्या वर्गात आणखी एक मुलगी होती, केस कापलेली, तीही त्याच्यावर मरायची. ती बिचारी डबा घेऊन आली की छत्र्या उघडायला सुरुवात. भाषा कळत नव्हती म्हणून आम्हीच बोलायचो. गुंड्या प्रतिभाचा, छत्रीवाली माझी.

"काय गं, कामून रडायलीस?" प्रतिभा आवाज जाड करून म्हणायची.

"मी कुठं रडायले? तू त्या बॉबकटचा डबा खायलास, म्हणून डोळ्यात कचरा गेला."

"कचरा दोनी डोळ्यात बरा गेला!"

पोट दुखेपर्यंत हसायचो. पुढच्या भागात काय होणार यावर शाळेत गणिताच्या तासाला चिठ्ठ्या चालायच्या. दहावीचं वर्ष होतं, कुणाला काय त्याचं!

आई बाजूला जवारी निवडत बसायची आणि एक डोळा टीव्हीवर. तिचा निकाल पहिल्या दिवशीच लागला होता. "हडळ हाय ती. झाडावर राहती म्हणल्यावर दुसरं कोण असंल? पाय बगा तिचे." पण पाय काही दिसेनात. कधी गवतात, कधी पांढऱ्या मोज्यात, कधी पडद्याच्या खाली. एखादे वेळी दिसतील म्हणावं, तर नेमकी जाहिरात. आई म्हणायची, मुद्दामच दाखवत न्हाईत, पोराला गोड बोलून शेवटी खाणार ती. मलाही आतून तीच धास्ती. छत्रीवाली मला आवडायची, पण माझा तिच्यावर पुरा विश्वास नव्हता. प्रतिभाला असली काही शंका नव्हती. तिची शंका वेगळीच होती.

"ती सगळ्यांला दिसती," ती म्हणायची.

"वेडी का तू? फक्त गुंड्याला दिसती. म्हणून तर लोक त्याला खुळा म्हणायलेत."

"मग दुकानदार बाजूला कामून सरकला ती आल्यावर? बघितलं का न्हाई तू? दिसती त्यांला. दिसत न्हाई असं करायलेत."

यावर आमचं रोज भांडण. मी दुकानदाराला वारा लागला म्हणायची, ती नाही म्हणायची. भांडण सुटायचं नाही आणि सुटावं असं दोघींनाही वाटत नव्हतं.

बाहेर मात्र हवा बदलत चालली होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, हा वाद आम्ही पाळण्यात असल्यापासूनचा. पण त्या हिवाळ्यात तो पुन्हा दारात येऊन बसला. आज मोर्चा, उद्या बंद. शाळा मधेच सुटायची. गल्लीतली माणसं शेकोटीभोवती बसलेली असायची, कुणी आलं की बोलणं तुटायचं. कोण आलं यावर ते किती तुटायचं हे ठरायचं. खंदारे काका आले की शेकोटीचा नुसता जाळ ऐकू यायचा.

काकांबद्दल आईनं एकदा सांगितलं होतं. ते मूळचे एका खेड्यातले. हा वाद पहिल्यांदा पेटला तेव्हा त्यांच्या वस्तीला आग लावली होती लोकांनी. प्रतिभाला कडेवर घेऊन, अंगावरच्या कपड्यानिशी ते निघाले आणि परभणीत येऊन राहिले. तेव्हापासून त्यांच्या घरात एक पत्र्याची पेटी कायम भरलेली असायची. मी ती बघितली होती. त्यात काय आहे विचारलं तर काकू म्हणायच्या, "काय न्हाई गं, जुने कपडे."

आणि एक दिवस प्रतिभा आलीच नाही.

पाच वाजले, सव्वापाच झाले. मी एकटीनं बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं तर म्हणाली, अभ्यास हाय. तिसऱ्या दिवशी, डोकं दुखतंय. इतकं वाईट खोटं बोलणारं माणूस मी तेवढं एकच बघितलंय. मला राग आला. संशय तर किती आले! हिला दुसरी मैत्रीण मिळाली. हिच्या घरच्यांनी सांगितलं असेल, त्यांच्याकडं जाऊ नको. आपल्यालाच टाकलं म्हणायचं. बघा की, आम्ही घरात घेतो, सोबत बसवतो, आणि ही! हे वाक्य माझ्या मनात जसंच्या तसं आलं होतं. 'घरात घेतो.' मला त्यात तेव्हा काही खटकलं नव्हतं.

दादा आणि काकाही आता सोबत जात नव्हते. काका दहा मिनिटं आधी निघायचे. दादा दारात चप्पल घालत, काढत, पुन्हा घालत वेळ काढायचे. मी विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय? पुस्तक घे."

त्याच आठवड्यात मुंग्या सुरू झाल्या.

टीव्हीवरच्या मुंग्या. पाच वाजले की चित्रावर बारीक बारीक पांढरे ठिपके वळवळायला लागायचे, छत्रीवालीचं तोंड पुसून जायचं. साडेपाचला कार्यक्रम संपला की मुंग्या गायब, चित्र पुन्हा आरशासारखं लख्ख. एक दिवस झालं, दोन दिवस झालं. चौथ्या दिवशी मी वहीच घातली आणि लिहायला लागले. पाचला सुरू, साडेपाचला बंद. माणसाशिवाय एवढी वक्तशीर गोष्ट जगात कोण करतं? कुणीतरी आपल्या वायरीला वायर जोडली होती. आणि त्याला बरोबर माझाच कार्यक्रम बघायचा होता.

"दादा, केबलवाल्याला सांगा."

"हवा असंल गं. थंडीत होतं तसं."

"पाचलाच कशी थंडी पडती?"

"उगं फिजूल शंका काढू नको. तुला दहावी हाय, का टीव्हीची दुरुस्ती?"

आमचे दादा बल्ब गेला तरी दुकानदाराशी तासभर भांडणारे. ते गप्प बसले म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण शंकेखोर माणसाची हीच गंमत आहे, त्याला सगळ्यांची शंका येते, फक्त नेमक्या ठिकाणी येत नाही.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी घरी कुणी नव्हतं. आई पिंगळीला मामाकडं हुरडा आणायला गेलेली. मी शिडीनं धाब्यावर चढले. दादांच्या दाढीच्या डब्यातलं पातं सोबत घेतलं होतं, म्हणजे मनात काय होतं हे आधीच ठरलेलं. आमची वायर विटांखालून येत होती. कौलाच्या एका तुकड्याखाली ती सोललेली, तिला दुसरी वायर पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. काम नीटनेटकं. दुसरी वायर धाब्यावरून सरळ गेली होती आणि मधल्या भिंतीवरून पलीकडं उतरली होती. खंदारेंच्या बाजूला. मी भिंतीपर्यंत जाऊन वाकून बघितलं. वायर त्यांच्या खिडकीतून आत शिरली होती.

म्हणजे माझ्यासोबत बसून बघायला हिचं डोकं दुखत होतं, आणि चोरून बघायला दुखत नव्हतं! मी कापली वायर. दोन ठिकाणी कापली, मधला तुकडा काढून फेकला.

त्या संध्याकाळी चित्र इतकं सुंदर आलं की काय सांगू! छत्रीवाली त्या भागात रडत होती. पाऊस नव्हता, आणि तरी सगळ्या गावातल्या छत्र्या एकेक करून उघडत गेल्या, लाल, निळ्या, एक लिंबाच्या रंगाची. गुंड्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून वर बघत होता. मी हातात हुरडा घेऊन एकटीच बघत होते आणि मला एकदम कंटाळा आला. दोन्ही आवाज मला काढता येत नव्हते.

सोमवारी दादा धाब्यावर तुरी वाळत घालायला गेले आणि खाली आले ते हातात वायरीचं वेटोळं घेऊन. खंदारेंच्या बाजूची वायर कुणीतरी नीट गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, मधल्या भिंतीवर आमच्या बाजूला ठेवली होती. आदळआपट नाही, ओरडणं नाही. परत केली होती.

दादा आईला म्हणाले, "तू कापलीस?"

"मी? मला कुठं चढता येतं शिडीवर? तुमीच कापली असंल. भ्याला असाल पुन्हा."

पुन्हा? मी दाराआड उभी. मग जे बोलणं झालं ते असं. गल्लीतल्या दोघा-तिघांनी दादांना गाठून विचारलं होतं, त्यांची पोरगी रोज तुमच्या घरात काय करती? दिवस कसे आहेत बघता ना? आणि माझे दादा, पंधरा वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाणारे, काकांकडं जाऊन म्हणाले होते, "चार दिवस पोरीला पाठवू नका. वातावरण निवळू द्या." काका बरं म्हणाले. दादांना रात्री झोप आली नसावी. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वायर आणली, स्वतः सोलली, पिळली आणि काकांच्या खिडकीत नेऊन दिली. पोरीचा कार्यक्रम चुकू नये म्हणून. पोरगी घरात नको, पण कार्यक्रम चुकू नये! माझ्या बापाला त्या हिवाळ्यात एवढंच धाडस जमलं होतं. आणि तेवढंही मी पात्यानं कापलं होतं.

"आता ते काय समजले असतील?" दादा खाली बसले. "खंदारे घर सोडायलाय. तिकडं त्यांच्या लोकांत जायलाय राहायला. उद्या टेम्पो येणाराय. मी तोंड कोणतं दाखवू त्याला?"

साधी वायर, म्हटलं तर. पण ज्यांनी एकदा घर जळताना बघितलं त्यांना शेजाऱ्यानं कापलेली वायर काय सांगत असेल? मी बोलले नाही तर ते आयुष्यभर हेच समजणार होते, की शेवटी यांनीही तोडलं. दादांना तरी सांगावं, तेवढीही हिंमत झाली नाही. प्रतिभाची भूमितीची वही माझ्याकडं होती, ती घेतली आणि शेजारी गेले.

घरात सामान बांधलेलं. भिंतीवरून बाबासाहेबांचा फोटो उतरवून चादरीत गुंडाळत होत्या काकू. मला बघून "ये," म्हणाल्या, बस म्हणाल्या नाहीत. प्रतिभा पत्र्याच्या पेटीवर बसली होती.

मी वही दिली. तिनं पानं चाळली, मी काही लिहून ठेवलंय का बघत असावी.

"शनिवारी काय झालं?" तिनं विचारलं. मला वाटलं, वायरीचं विचारते आहे. मग कळलं, ती कार्यक्रमाचं विचारत होती.

"छत्रीवाली रडली. सगळ्या गावातल्या छत्र्या उघडल्या."

"कोणत्या रंगाच्या?"

"लाल. निळ्या. एक पिवळी, लिंबासारखी."

"आमच्यात समद्या करड्याच दिसायच्या," ती म्हणाली. थोडं हसलीसुद्धा. त्या हसण्यानं मला धीर आला आणि मी एका दमात बोलून टाकलं. "वायर मी कापली. दादांनी न्हाई. दादांला माहीतच नव्हतं. मला वाटलं कुणीतरी चोरायलंय."

काकूंचे हात थांबले. प्रतिभानं विचारलं,

"वर चढली होतीस?"

"हो."

"वायर कुठं गेली ते बघितलंस?"

"बघितलं."

"आमच्या खिडकीत?"

"हो."

ती विचार करत होती. भूमितीतलं प्रमेय सोडवताना तिचा चेहरा असाच व्हायचा. "तुमच्या पलीकडं जाधव ऱ्हातेत. वायर त्यांच्या खिडकीत गेली असती तर? कापली असतीस?"

खोटं बोलायला मला कधीच जड गेलेलं नाही. त्या दिवशी मात्र जमलं नाही. तिच्यासमोर तरी खरं बोलावं, असं वाटलं.

"न्हाई," मी म्हणाले. "आधी जाऊन विचारलं असतं."

प्रतिभानं मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. उठली, पेटी उघडली, भूमितीची वही कपड्यांच्या वर ठेवली आणि कडी घातली. मग बाहेरच्या खोलीत काकांकडं गेली. तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"बाबा, वायर शेजारच्या काकांनी कापली न्हाई. तुमी भेटून या त्यांला."

खंदारे काका तसेच अनवाणी आमच्याकडं गेले. दादा आणि ते बराच वेळ ओसरीवर बसले, काय बोलले मला माहीत नाही. पुढं संक्रांतीला नावाचा निकाल लागला. त्याआधीच दोघं पुन्हा सोबत ऑफिसला जायला लागले होते, अर्ध्या रस्त्यावर भेटून. रिटायर होईपर्यंत त्यांचं ते चाललं.

प्रतिभा दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसताना आईच्या पाया पडली. शाळेत एक बाक पुढं सरकून बसायला लागली. मी हाक मारली की ओ द्यायची, मागितलं तर पेन द्यायची. भांडली कधीच नाही. पाच वाजताच्या कार्यक्रमात पुढं काय झालं, हे तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही.